शेपटी कशी होती?

माझा पहिला गरुड ही घार होती.

सिंहगडावर, कल्याण दरवाज्याच्या अलीकडे, एका रविवारी सकाळी. दुर्बीण घेऊन जेमतेम आठवडा झाला होता, तिचा पट्टा अजून मानेला टोचत होता. दरीतून वारा वर येत होता आणि त्या वाऱ्यावर पंख न हलवता एक मोठा, तपकिरी, आकडेबाज चोचीचा पक्षी चक्क माझ्या पायांखालच्या उंचीवरून गेला. मी ओरडले, "गरुड!" शेजारी कांदाभजी खात बसलेली चार माणसं उठून आली. कुणी मोबाइल काढले, एकाने पोराला खांद्यावर घेतलं. पाच मिनिटं आम्ही सगळ्यांनी मिळून त्या पक्ष्याला गरुडपद बहाल केलं.

संध्याकाळी मामांना फोन केला.

"शेपटी कशी होती?" मामांनी विचारलं.

मला आठवेना. "तपकिरी होता, मोठा होता. काय रुबाब होता, मामा!"

"रुबाब घारीलाबी असतो. शेपटीला खाच होती का?"

मी गप्प. रुबाब बघण्याच्या नादात शेपटी बघायची राहिली होती.

"घार होती ती," मामा म्हणाले, आणि माझा चेहरा फोनवरूनही दिसल्यासारखे थोडे नरमले. "आधी घार शीक, पोरी. ती आली की बाकीची आपसूक येतात."

मामांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे, बारामती हा त्यांचा पट्टा. रस्त्याच्या दोन्ही अंगाला तारा, तारांवर पक्षी, पलीकडे माळ. डबल बेल पडली की गाडी सोडायची. पक्षी बघायला म्हणून लाल डबा थांबवणारा ड्रायव्हर अजून जन्माला यायचाय. त्यामुळे मामांना एकेक पक्षी दीड-दोन सेकंद मिळायचा, तोही काचेतून, तोही पंचेचाळीसच्या वेगात. पिसांचे रंग, छातीवरच्या रेघा, डोळ्यांची कडी यातलं काहीही त्या दोन सेकंदांत दिसत नाही. दिसतं ते एवढंच की बसलाय कसा, उठला कसा, वळताना काय केलं. एकतीस वर्षं रोज दोन फेऱ्या असं बघत राहिल्यावर माणसाच्या डोळ्यात जे साठतं, त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, ढब. पक्षी बघणारे लोक त्याला इंग्रजी बोलीतून आलेलं "जिझ" म्हणतात. मला ढब पुरते. बांधावरून लांब कुणी चालत आलं की चेहरा दिसायच्या आधी "हा धाकट्या पातीतला" म्हणून सांगणारी माणसं गावोगाव आहेत, तीच ही विद्या.

तर एक अख्खा हिवाळा मी फक्त घारी बघितल्या.

आमच्या गच्चीवरून मटणाची दोन दुकानं आणि एक मोठं सिल्व्हर ओकचं झाड दिसतं, म्हणजे सोय उत्तम होती. पहिला आठवडा कंटाळ्यात गेला. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की घारीची शेपटी हे सुकाणू आहे. ती सरळ उडतानासुद्धा शेपटी सारखी पिळत असते, एकदा डाव्या अंगाला, एकदा उजव्या, सायकल शिकणाऱ्या पोराच्या हँडलसारखी. शेपटी मिटलेली असली की टोकाला खाच स्पष्ट दिसते. पण वळताना तिने शेपटी पंख्यासारखी उघडली की खाच गायब होते आणि काठ सरळ दिसतो. सिंहगडावर नेमकं हेच झालं असणार. पंख मनगटापाशी किंचित मोडलेले, टोकाची पिसं बोटांसारखी सुटी. पंख मारते ती आळसावून, जणू कुणी सांगितलंय म्हणून.

घारींविषयी आपली भाषा बरंच काही बोलते, आणि त्यातलं थोडं चुकीचंही. हलक्या, करड्या-पिंगट डोळ्यांना आपण "घारे डोळे" म्हणतो. मी महिनाभर दुर्बिणीतून घारीच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं: आपल्या वयात आलेल्या घारीचे डोळे गडद तपकिरी, जवळजवळ काळे. "घार फिरे आकाशी, लक्ष तिचे पिलांपाशी" ही म्हण मात्र शंभर टक्के खरी. फक्त पिलांच्या जोडीने मटणाच्या दुकानामागची टोपलीही धरावी. आणि शास्त्रातलं नाव ऐकून तर मी हसलेच. आपल्याकडच्या घारीच्या उपजातीला "गोविंदा" म्हणतात. मिल्व्हस मायग्रन्स गोविंदा. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनच्या पाहणीवर होता, त्याने १८३२ मध्ये इथल्या पक्ष्यांची यादी छापली, त्यात हे नाव दिलं. म्हणजे जगभरच्या पक्षीशास्त्राने आपली घार ओळखली ती याच पठारावरून. दहीहंडीच्या दिवशी गल्लीत थर लागत असताना वर घारी फिरत असतात तेव्हा मला खालचे गोविंदा आणि वरचे गोविंदा असा हिशेब सुचतो, पण तो कुणाला सांगायची सोय नाही.

हिवाळ्यात यांच्यात पाहुण्याही मिसळतात. मध्य आशिया, सायबेरियाकडून येणारी काळ्या कानाची घार थोडी मोठी असते, आणि पंखांच्या खालच्या बाजूला टोकांपाशी पांढरा डाग ठसठशीत. ती पहिल्यांदा मला वेगळी दिसली तेव्हा मामांना फोन केला नाही. म्हटलं, आता आपली आपल्याला येते.

तो गर्व हर्णैला उतरला. मासळीचा लिलाव चालला होता, वर वीस-पंचवीस घारी. पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभी राहून मी शेजारच्या मैत्रिणीला सांगत होते, या सगळ्या घारी, आणि ती वीटकरी रंगाची, पांढऱ्या डोक्याची आहे ती ब्राह्मणी. ब्राह्मणी घार ओळखायला कुणाची मदत लागत नाही. किनाऱ्यावरची, खाडीवरची ती सगळ्यांत देखणी बाई आहे. पण त्या "सगळ्या घारी"त दोन पक्ष्यांच्या शेपट्या गोल होत्या. खाच नाही, कोपरे नाहीत, पंख्याचा काठ अर्धगोल. अंग मळकट तपकिरी, अगदी साध्या घारीसारखं. ती ब्राह्मणी घारीची पोरं होती. त्यांना तो वीटकरी-पांढरा पोशाख यायला वेळ लागतो. रंगावर गेलं की माणूस फसतो, शेपटी फसवत नाही. हे मला मामांनी सांगितलं होतंच. सांगितलेलं आणि समजलेलं यात हर्णैची एक खेप होती.

घार पक्की झाल्यावर मामा म्हणाले, आता तारा बघ.

तारेवर बसणारे शिकारी पक्षी हा मामांचा हातखंडा. कावळ्याहून लहान, पांढराशुभ्र, पाठ राखी आणि खांद्यावर काळा चट्टा, ती कापशी. नावातच कापूस आहे. डोळे मात्र लालबुंद, जागरण झाल्यासारखे. तारेवर बसली की शेपटी हळूच वर-खाली करते. शिकार करताना ती हवेत एका जागी थांबते, पंख फडफडवत, पाय खाली सोडून, आणि मग लिफ्टसारखी एकेक मजला उतरते. मध्येच थांबते, पुन्हा उतरते, आणि शेवटी गवतात पडते. "वरनं कुणीतरी दोरी सोडतंय असं वाटतं," मामा म्हणतात. ज्वारी-बाजरीच्या शेतातले उंदीर हे तिचं मुख्य अन्न, म्हणून शेतकऱ्याने तिच्यासाठी काठी रोवून ठेवावी असं मला फार वाटतं. काही जण ठेवतातही.

हवेत थांबणारी दुसरी म्हणजे खरुची. हा ससाणा आहे, घारीच्या कुळातला नाही. पाठ विटेच्या रंगाची, पंखांची टोकं काळी, शेपटी लांब आणि तिच्या टोकाला काळा पट्टा. खरुची थांबते तेव्हा तोंड वाऱ्याकडे असतं, शेपटी पंख्यासारखी खाली दाबलेली आणि डोकं हवेत खिळा ठोकल्यासारखं स्थिर. सगळं अंग हलतं, डोकं हलत नाही. कापशीचं थांबणं जरा घाबरंघुबरं वाटतं, खरुचीचं सराईत. एवढा फरक एकदा दिसला की मग उन्हाविरुद्ध काळी आकृती असली तरी नाव तोंडातून निघतं.

आणि तिसरा, ज्याने मला खरंच थक्क केलं, तो सापमार गरुड. पावणेदोन मीटर पंखांचा पसारा, अंगापिंडाने भरलेला, खालून पांढुरका, बहुधा डोकं-छाती गडद, जशी कुणी टोपी गळ्यापर्यंत ओढावी. आणि हे धूडसुद्धा माळावर हवेत थांबतं! कापशीचं आठवून मी मनात म्हटलं, म्हशीने दोरीवर उड्या माराव्यात तसं आहे हे. पण तो थांबतो, पंख सावकाश मारतो, खाली साप-सरडे शोधतो. त्याचा जंगलातला नातेवाईक, तुरेवाला सर्पगरुड, सह्याद्रीत घाटमाथ्यावर भेटतो, आणि तो दिसायच्या आधी ऐकू येतो. पाऊस उघडल्यावर दरीतून येणारी ती लांब, केविलवाणी शीळ एवढ्या मोठ्या पक्ष्याची आहे यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. वर बघावं: पंखांच्या कडेलगत एक रुंद पांढरा पट्टा, शेपटीवर एक. दुसरं काही बघायची गरज नाही.

इथे मामींना आणायला हवं, नाहीतर त्या हा लेख वाचून विचारतील.

मामींच्या परड्यात कोंबड्या आहेत. आठ-दहा तलंगा, एक कोंबडा, आणि दर काही महिन्यांनी डालग्याखाली पिल्लं. पक्ष्यांचं मामींना तसं कौतुक नाही. पण त्या चुलीपाशी बसून, पाठमोऱ्या, मला सांगतात, "घार न्हाई, शिक्रा हाय." कसं? कोंबडीचा आवाज. वर घार फिरत असली की कोंबडी मान तिरकी करून एक डोळा आभाळाला लावते, जरा कुरकुरते आणि पुन्हा उकिरडा उकरायला लागते. शिक्रा आला की एकच बारीक, लांबलेला आवाज निघतो आणि पुढच्या क्षणी अंगणात एकही कोंबडी नसते. साळुंक्या, खारी, सुभग, सगळे आपापल्या भाषेत तेच सांगत सुटतात. दुर्बीण, पुस्तक, ॲप वगैरे सगळं नंतर. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हेच मोठ्या पडद्यावर बघायला मिळतं. घार वरून गेली तर वारकरी पक्षी मान वर करून पुन्हा चरायला लागतात. दलदलीवरचा भोवत्या हा शिकारी पक्षी आला की शेकडो वारकरी पाण्यावरून धावत एकमेकांना चिकटतात, काळा गोळा होतो नुसता. त्यांना पाठ्यपुस्तकातले फरक शिकवलेले नाहीत. चुकलेले वारकरी शिकवायला परत येत नाहीत, एवढंच.

शिक्रा छोटा असतो, कबुतराएवढा. राखी पाठ, छातीवर बारीक आडव्या विटकरी रेघा, लांब पट्टेरी शेपटी, आखूड गोलसर पंख. उडताना पाच-सहा वेळा भराभर पंख मारतो, मग जरा तरंगतो, पुन्हा भराभर. आमच्या सोसायटीतही आहे, पार्किंगमधल्या बदामाच्या झाडावर बसतो आणि सगळ्यांना तो कबुतर वाटतो. शिक्र्याचा नर मादीपेक्षा लहान. बहुतेक शिकारी पक्ष्यांत बाई मोठी आणि बुवा लहान, हे जुन्या बाजदारांना पक्कं ठाऊक होतं. इतकं, की त्यांनी नर-मादीला नावंच वेगळी ठेवली: मादी बाज, नर जुर्रा, मादी शिक्रा, नर चिपका. हा खेळ राजेरजवाड्यांबरोबर उतरणीला लागला आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संपला, नावं तेवढी मागे उरली. मराठीत तर बाज म्हटलं की काथ्याने विणलेली खाट आठवते. आपण सरसकट "ससाणा" म्हणून मोकळे होतो, आणि वर्तमानपत्रवाले जखमी शिक्र्याच्या फोटोखालीसुद्धा "गरुडाला जीवदान" छापतात.

पण शिक्र्याच्या नावाने सगळ्यांत मोठी फसवणूक करतो तो पावशा. मृगाच्या आगेमागे "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणून जीव खाणारा हा कोकिळेच्या जातीचा पक्षी हुबेहूब शिक्र्याचे कपडे घालून फिरतो. राखी पाठ, तशीच छाती, तशीच पट्टेरी शेपटी, उडायची तऱ्हासुद्धा तीच. लहान पक्षी घाबरून उडतात आणि पावशीण सातभाईंच्या घरट्यात अंडं घालून जाते. मलाही त्याने एकदा पूर्ण सकाळ फसवलं. आता बसताना बघते. पावशा फांदीवर येताना खालून वर झेपावतो आणि बसल्यावर शेपटी या अंगाला त्या अंगाला हलवतो, पदर सावरल्यासारखी. चोचही आकडेबाज नाही. भरीस भर म्हणजे कोतवाल पक्षी शिक्र्याच्या आवाजाची नक्कल करतो. म्हणजे दिसतो शिक्रा तो पावशा, आणि ऐकू येतो शिक्रा तो कोतवाल. खरा शिक्रा यातलं काही न करता पानांत गप बसलेला असतो.

गिधाडांबद्दल थोडंच लिहिते. मामांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत ती रस्त्यावर भेटायची. मेलेलं जनावर गावाबाहेर ओढ्यापलीकडे टाकत, आणि पोट भरलेली गिधाडं डांबरावर बसून राहत. हॉर्न दिला तरी उठत नसत, कारण उठता येत नसे. पंख पसरून, उड्या मारत, बरंच पळाल्याशिवाय तो पसारा हवेत जात नाही. "त्यांच्यामुळं टाइम चुकायचा," मामा म्हणतात. मग एका वर्षी टाइम चुकायचा थांबला. नव्वदीच्या दशकात हे घडलं आणि बराच काळ कारण कुणालाच कळत नव्हतं. डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. दुखणाऱ्या गाई-बैलांना ते टोचलं जाई, जनावर मेलं की त्याच्या मांसातून गिधाडांत उतरे. भारतात जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक संपली होती. मी गिधाड पहिल्यांदा पाहिलं ते कोकणात, म्हसळ्याकडच्या चिरगावला, जिथे गावाने ती जपली आहेत. फळीसारखे सरळ रुंद पंख, बोटं उघडलेली, शेपटी एवढीशी, डोकं जवळजवळ नाहीच. ओळखायला सोपं. पण सासवड-बारामती रस्त्यावर ती ढब ओळखणारी मामांची पिढी शेवटची, आणि त्यांच्याजवळची ती ओळख आता बिनकामाची झाली आहे, बंद पडलेल्या थांब्याच्या नावासारखी.

गेल्या जानेवारीत मामांना घेऊन सुप्याच्या माळावर गेले. मयूरेश्वर अभयारण्य तिथेच आहे, १९९७ मध्ये जाहीर झालेलं, अवघं सव्वापाच चौरस किलोमीटरच्या आतलं. चिंकाऱ्यांसाठी ते केलं, पण माळ काही कुंपण बघून सुरू होत नाही आणि संपत नाही. आजूबाजूला मैलोन्‌मैल तसाच माळ: कुसळी गवत, मध्येच हिवर, बाभळ, मेंढ्यांचे कळप. सरकारी नकाशात अशा जमिनीला "पडीक" म्हणतात. पडीक म्हटलं की मग तिच्यावर झाडं लावायची पुण्याई करता येते, कारखाना काढता येतो, काहीही करता येतं. त्या पडीक जमिनीवर सकाळच्या दीड तासात आम्हाला आठ जातींचे शिकारी पक्षी दिसले. बाभळीच्या शेंड्यावर तिसा बसला होता, पांढऱ्या डोळ्यांनी टक लावून. दोन खरुच्या. सापमार. आणि भोवते.

भोवत्यांसाठी मी जीव टाकते. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून हिवाळ्याला येतात आणि आपल्या माळावर गवताच्या पातीला पोट घासत उडतात. पंख वर उचललेले, उथळ इंग्रजी व्ही काढावा तसे, आणि अंग या कुशीवरून त्या कुशीवर झुलत. चेहरा घुबडासारखा चपटा गोल, कारण गवतातल्या उंदराची खसफस कानांनी टिपायची असते. एकही भोवत्या घाईत असलेला मी पाहिलेला नाही. नर राखी, भुतासारखा फिका. माद्या तपकिरी आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, तो बघितला की भोवतीण नक्की. पण कोणती? पांढुरकी की माँटेग्यूची? तिथे मोठमोठे लोक फोटो मोठा करून भांडत बसतात.

मामांना माझी दुर्बीण दिली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुर्बिणीतून भोवत्या बघितला. बराच वेळ बघितला. मग दुर्बीण खाली घेऊन म्हणाले, "हे काय दाखवतीस? नुसती पिसं दिसत्यात. पक्षी कुठं गेला?"

मी हसले, पण नंतर स्वतः करून बघितलं. खरं होतं. आठपट मोठं केल्यावर त्या गोलात पक्षी भरून राहतो आणि त्याच्याभोवतीचं आभाळ, गवत, वारा, घाबरून उठलेले चंडोल, सगळं कापलं जातं. झुलणं दिसत नाही, कारण आपली मान त्याच्याबरोबर झुलत असते. त्यानंतर मी एक करते: आधी नुसत्या डोळ्यांनी बघते, ढब घेते, नाव मनात ठरवते, मग दुर्बीण लावून स्वतःची परीक्षा पाहते. पूर्वी नेमकं उलटं करत होते.

बोलता बोलता मी मामांना अमूर ससाण्यांचं सांगितलं. नोव्हेंबरअखेरीस लोणावळ्याच्या पठारावर मला ते भेटले होते. तारांवर ओळीने बसलेले, मध्येच उठून चतुर पकडणारे, कबुतराहून लहान. नर काळपट राखी, पाय शेंदरी, आणि पंख उचलले की आतून पांढरेशुभ्र. चीन-रशियाच्या बाजूला जन्मतात, नागालँडमध्ये थांबतात, आपल्यावरून जातात, मग न थांबता अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत. नागालँडमध्ये दोयांगच्या जलाशयाजवळ २०१२ मध्ये जाळी लावून त्यांची लाखाच्या घरात शिकार झाली होती, आणि पुढच्याच वर्षी तिथल्याच गावांनी ती थांबवली. दीडशे ग्रॅमचा पक्षी. लांब, टोकदार, विळ्यासारखे पंख; ससाणा कुठलाही असो, खरुची असो की किल्ल्यांच्या कड्यांवरून सुसाट सूर मारणारा शाहीन, ही विळ्याची धार चुकत नाही. मी असंही सांगितलं की जनुकं तपासल्यावर कळलंय, ससाणे हे घारी-गरुडांचे भाऊबंदच नाहीत. ते पोपटांच्या जवळचे.

"पोपटाच्या?" मामांनी थोडा विचार केला. "चोच बघितली तर हाय तसं."

समुद्र ओलांडण्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. "डिझेल कुठं भरत्यात?" एवढं विचारलं. मी म्हटलं, निघण्याआधी वाळवी आणि किडे खाऊन चरबी करतात. ते समाधानाने म्हणाले, "म्हंजे डेपोतनंच टाकी फुल."

दहाच्या सुमाराला ऊन तापलं आणि गरम हवेच्या भोवऱ्यावर एक मोठा गरुड वर चढू लागला. गडद तपकिरी, पंख लांबरुंद, फिरत फिरत उंच. घार नव्हे, हे मला आता विचारावं लागत नव्हतं. सापमार नव्हे, पोट गडद होतं. पण पुढे? ठिपक्यांचा? स्टेपी? वयात आलेला की पोरगा? या तपकिरी गरुडांपाशी भल्याभल्यांची बोबडी वळते. दर वर्षाला पोशाख बदलतात, झिजलेल्या पिसांनी आणखी बदलतात. मी फोटो काढले, सगळे काळे आले. मामा कपाळावर हात धरून बघत होते.

"काय आहे हो, मामा?"

"न्हाई वळखू आला."

"मग वहीत काय लिहू?"

"न्हाई वळखला म्हणून लिही की. गाडी चुकली तर चुकली म्हणायचं."

मी बॉनेटवर वही ठेवून तारीख, वेळ, वारा, सगळं नीट लिहिलं. "मोठा गडद गरुड, एक. ओळख पटली नाही." परत येताना मोरगावला गणपतीचं दर्शन झालं, भेळ झाली, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामांचा फोन.

"कालचा गरुड किती लिहिलास?"

"एक."

"दोन हुते. दुसरा डांबावर बसलावता, तुझ्या पाठीमागं. तू लिहीत हुतीस तवा उठून गेला."

"मामा! मग तेव्हाच सांगायचं ना! त्याची शेपटी कशी होती?"

"गोल हुती," मामा म्हणाले. आणि मग बऱ्याच वेळाने, "बहुतेक."